दोन यमुना

मराठी कादंबरीच्या इतिहासात तेहतीस वर्षांच्या अंतराने दोन यमुना भेटतात. पहिली बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली, हे पुस्तक १८५७चे. दुसरी हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधली, ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. दोघींचे नवरे समंजस, दोघींना वाचनाची गोडी आणि दोघींच्याही वाट्याला वैधव्य. तरी पहिली आज अभ्यासकांपुरती उरली आहे आणि दुसरीसाठी वाचकाचे डोळे अजूनही भरून येतात.

याचे ठरलेले उत्तर असे, की पदमनजी प्रचारक होते आणि आपटे कलावंत. म्हणून एकाच्या हातून साचा तयार झाला, दुसऱ्याच्या हातून व्यक्ती. मी मराठीचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांतली जुनी पुस्तके चाळत माझा अभ्यास झाला. कदाचित त्यामुळेच हे उत्तर मला अपुरे वाटत आले आहे. सुधारणा तर आपट्यांनाही हवी होती. फरक हेतूत नाही, पात्राकडून लेखकाने मागितलेल्या कामात आहे.

‘यमुनापर्यटन’चे उपशीर्षकच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते. पदमनजींना तिथे पात्रे नको होती, साक्षी हव्या होत्या. साक्षीदाराने बदलायचे नसते. काल सांगितले तेच त्याने उद्याही सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. त्या विधवा साच्यातल्या वाटतात त्या याच कारणाने, आणि त्या कामासाठी साचाच योग्य होता.

पुढे १८६१मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, मागोमाग रिसबुडांची ‘मंजुघोषा’. नावांकडेच पाहा. मुक्तामाला, मंजुघोषा ही नावे कोणत्याही वाड्यातून हाक मारून ऐकू येणारी नव्हेत. या नायिकांच्या मागे संस्कृत नाट्यशास्त्राची मोठी परंपरा उभी होती. तिथे नायक धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार, तर अवस्थेनुसार नायिका आठ. त्या वर्गीकरणात बारकावा खूप आहे, पण नायिकेची अवस्था ठरते ती नायकाच्या संदर्भात: तो आला नाही म्हणून ती विरहिणी, तो फसवून गेला म्हणून ती खंडिता. तिच्या मनाला कारण असते, पण ते कारण बाहेर, दुसऱ्याच्या हातात असते.

यावर त्या काळीच बोट ठेवले गेले. १८८२मध्ये पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’त ताराबाई शिंदे यांनी बायकांवर लादलेल्या दुर्गुणांचा हिशेब पुरुषांकडे मागितला आणि पुस्तकांतून रंगवल्या जाणाऱ्या स्त्रीलाही सोडले नाही. बाई अशी वागते, असे म्हणून न थांबता ती का वागते, हे त्यांनी विचारले. पात्राच्या प्रेरणेचा प्रश्न मराठीत इतक्या रोखठोकपणे मांडणारे हे पुस्तक कादंबरी नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

त्यानंतर आठ वर्षांनी आपट्यांची यमू बोलू लागली. यमू, दुर्गी ही घरातली हाकेची नावे. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, त्यामुळे तिच्या मनाची कारणे तिच्याच ताब्यात येतात. लहानपणी दादाबरोबरची भांडणे, वडिलांचा धाक, आईचा मृत्यू, सासरची माणसे, मग मुंबईचे स्वतंत्र बिऱ्हाड आणि नवऱ्याच्या आग्रहाने वाढलेले वाचन. प्रत्येक टप्प्यावर तिला थोडे अधिक समजते. साप्ताहिकाच्या बेताने ही वाढ हप्त्याहप्त्याने झाली. वाचक तिच्यासोबत वाट पाहत राहिला. याच काळात, १८९१च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले. सभांमधून तिच्याविषयी बोलले जात असताना ‘करमणूक’च्या पानांवर ती स्वतः बोलत होती. अर्थात लेखणी पुरुषाची होती, हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यमूचे बळजबरीने केशवपन होते. केशवपन म्हणजे काय? प्रत्येकीचे डोके सारखे, प्रत्येकीचे आलवण सारखे, प्रत्येकीचे नाव पुसून एकच नाव. व्यक्तीचा साचा करण्याची ती समाजाची रीत होती. आपट्यांनी शेकडो पाने खर्चून जी वेगळी बाई घडवली, तिला समाज एका सकाळी पुन्हा साच्यात घालतो. वाचकाला धक्का बसतो, कारण काय पुसले गेले ते त्याला एव्हाना ठाऊक असते. पदमनजींच्या विधवा आपल्याला भेटतात त्या पुसल्या गेल्यानंतरच.

याच कादंबरीतले शंकरमामंजी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहतात. समीक्षक याला उणीव म्हणतात. मला त्यात अर्थ दिसतो. ज्याच्या बाजूने सगळी रूढी उभी आहे, त्याला बदलण्याची गरजच काय? बदलावे लागते ते ज्याला जागा अपुरी पडते त्याला.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद सांगितला. तो आपल्या समीक्षेत इतका रुळला, की ‘पात्र सपाट आहे’ म्हटले म्हणजे लेखकाचा निकाल लागला असे आपण धरतो. पण पात्राच्या विकासासाठी निवड लागते, आणि निवडीसाठी उघडे दार लागते. ज्या माणसांना ते दार मिळालेच नाही, त्यांच्याविषयी लिहिताना साचा ही कधी लेखकाची दुर्बलता असते, तर कधी काळाची खरी नोंद. जुनी मराठी कादंबरी हातात घेताना या दोहोंतला फरक आधी तपासावा, निकाल मग द्यावा. तसे केले तर पहिल्या यमुनेने गोळा केलेल्या त्या एकसारख्या विधवांमध्येही, सांगायला उसंत न मिळालेल्या अनेक यमू दिसू लागतील.