बोथ्याचं जंगल आणि वाघामागची नोंदवही

खामगावची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. 1870 मध्ये जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. गावाबाहेर बुलढाण्याच्या वाटेवर बोथा घाट लागतो आणि साग, अंजन, सालईचं पानगळीचं जंगल सुरू होतं. 1997 मध्ये यातल्या सुमारे 205 चौरस किलोमीटरला ज्ञानगंगा अभयारण्याचा दर्जा मिळाला. अस्वल आणि बिबट्या ही इथली खरी श्रीमंती. वाघ मात्र नव्हता.

तो आला 2019 च्या अखेरीस. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या तरुण नराच्या गळ्यात त्याच वर्षी फेब्रुवारीत देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर बसवली होती. 1982 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत संशोधन आणि अध्यापन एकाच छताखाली चालतं. जंगलात माग काढणारेच पुढे वर्गात वन्यजीवशास्त्र शिकवतात. प्रा. बिलाल हबीब त्यांपैकीच एक.

कॉलरने पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद केली. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणातही डोकावत, नऊ महिन्यांत वाघ सुमारे 3,000 किलोमीटर चालला. विदर्भातले जंगलांचे तुकडे अजून जोडलेले आहेत, याचा हा सज्जड पुरावा. ‘वॉकर’ हे नाव त्याला या पायपिटीमुळेच पडलं. एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली.