पाटणचा मठ आणि संगणक-शिक्षणाची भाषा

चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिल्याची नोंद आहे. लेखाचा बहुतांश भाग संस्कृत आहे. पेठेतील कोणते उत्पन्न मठास द्यावे, हा तपशील मात्र मराठीत आहे. विद्येची भाषा एक आणि व्यवहाराची दुसरी, ही विभागणी खानदेशात इतकी जुनी आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील कुट्टक म्हणजे क्रमाने करावयाच्या भागाकारांची कृती होय. ती श्लोकात संक्षेपाने सांगितलेली असल्याने पदांचा अन्वय लावून प्रत्येक पायरी उकलावी लागते. म्हणूनच सूत्रामागून उदाहरणे येतात. संगणकाची आज्ञावली लिहिण्यातील काठिण्य याच जातीचे आहे. भेद इतकाच की, गाळलेली पायरी मनुष्य अनुमानाने भरून काढतो. आज्ञावली चालविणारे यंत्र ती भरीत नाही.

जळगावी १९९० साली विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव-धुळ्याच्या अहिराणीभाषी विद्यार्थ्यास संगणकशास्त्र मात्र बहुधा इंग्रजीतूनच शिकावे लागते. कृती आणि परभाषा अशी दोन ओझी एकदम उचलताना तो अडखळला, तर ते बुद्धिमांद्य समजू नये. कृतीची मांडणी प्रथम स्वभाषेत व नंतर आज्ञावलीत, हा क्रम अध्यापकांनी पत्करणे इष्ट होय.