विणकराची वंशावळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात सात रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांत वंशावळी तयार होऊ लागतात. जात पडताळणीची फाइल घेऊन आलेला, पद्मशाली या तेलुगू विणकर जातीतला मुलगा फोनवर काकांना विचारत एकेक नाव सांगतो, टायपिंग करणारा पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा असे चौकोन रेघांनी जोडत जातो. विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून शोध बहुतेकदा शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी थांबतो. सोलापुरातल्या कितीतरी विणकर घराण्यांची पहिली लेखी वंशावळ अशी प्रतिज्ञापत्रावरच उतरली आहे.

घराणी अर्थातच त्याहून जुनी. निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखातून हातमागवाले सोलापुरात येत राहिले. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली, सूत आणि गिऱ्हाईक दोन्ही जवळ आले. साखर पेठ, पाच्छा पेठ भागांत घरोघर खडखड सुरू झाली. येणाऱ्याच्या हाती कागद नव्हता, पण इंटिपेरू म्हणजे घरनाव आणि गोत्र ही दोन्ही पाठ होती. सोयरीक जुळवताना आजही आधी तीच विचारतात.

हे पाठांतर टिकवणारी माणसेही होती. तेलंगणात पद्मशालींचे कथेकरी म्हणजे कूनपुली. जातीची कुळकथा गाण्याचा हक्क त्यांचा, आणि त्यावरच त्यांचा उदरनिर्वाह. चेरियालचे चित्रकार त्यांना हातभर-दोन हात रुंदीचा लांबलचक पट रंगवून देत. खादीच्या कापडावर चिंचोक्याची खळ, पांढरी माती आणि डिंक यांचे थर चढवायचे, मग तांबड्या पार्श्वभूमीवर आडव्या पट्ट्यांत प्रसंग काढायचे. रात्री पट उलगडत जाई, तसतशी मार्कंडेय ऋषींची आणि कमळाच्या तंतूंचे वस्त्र विणणाऱ्या भावनाऋषींची कथा पुढे सरके. 101 गोत्रांचा उगम याच कथेत सांगितला जातो. माझ्या मते हा पट प्रतिज्ञापत्राइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तो कुणाच्या खापरपणजोबाचे नाव देत नाही, पण कूळ स्वतःला कुठून आलेले मानते ते सांगतो. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो, तोही त्याच स्मृतीचा.

कागद नसल्याने शोध अडणारे आपण एकटेच नाही; अमेरिकेतल्या स्कॉट्स-आयरिश घराण्यांचा शोधही असाच अडखळतो. ती माणसे सतराव्या शतकात स्कॉटलंडहून आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात गेली आणि अठराव्या शतकात तिथून पेनसिल्व्हेनियात. त्यांच्यातही जवसाच्या धाग्याचे कापड विणणारे पुष्कळ. 1922 मध्ये डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि जुन्या जनगणना, मृत्युपत्रे खाक झाली. वंशज आता जमिनीचे दस्त आणि चर्चच्या नोंदी धरून मागे जातात, आणि केवळ आडनाव जुळले म्हणून नाते धरायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आपल्याकडेही ही सावधगिरी हवी. चिट्याल हे घरनावही आहे आणि गावही. पण चिट्याल एक नलगोंड्यात आहे, दुसरे जुन्या वरंगळ जिल्ह्यात. गोत्र, देवक आणि सोयरिकी ताडून पाहिल्याशिवाय कुठलेच गाव आपले म्हणू नये.

सोयरिकी म्हणजे खरा खजिना, आणि प्रतिज्ञापत्रातून नेमक्या त्याच गळतात. तेलुगू घरांत मेनरिकम चालते: मामाच्या मुलीशी, कधी मामा-भाचीतही लग्न होते. त्यामुळे दोन घरनावे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत विणली जातात आणि एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी भेटतो. वडिलांच्या वंशावळीतला तुटलेला दुवा पुष्कळदा आजीच्या माहेरी सापडतो. फाइल जमा झाली तरी टायपिंगचा तो कागद घरी न्यावा आणि आजीला विचारून कडेला लिहावे: तिचे घरनाव, तिच्या आईचे घरनाव, लग्न कुठल्या गावी लागले, आणि सोलापुरात पहिला माग कुणाच्या घरी बसला.