न लिहिलेला नियम : १९६३ ची एक बास्केटबॉल स्पर्धा

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होते. लेखी नियम कितीही कडक असो, त्यातून वाट निघते. कलमावर बोट ठेवता येते, अपवाद मागता येतो, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण ज्या नियमाचा कागदच कोठे नाही, त्याच्यापुढे भलेभले हात टेकतात. रद्द करायचे तरी काय आणि अर्ज करायचा तो कोणाकडे? अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात असाच एक न लिहिलेला नियम होता, आणि १९६३ च्या मार्च महिन्यात तो एका बास्केटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने मोडला गेला. इंदुरात बास्केटबॉल जाणणारा वर्ग जुना आहे. त्यातल्या पुष्कळांना १९६६ चा टेक्सस वेस्टर्नचा विजय माहीत असतो, कारण त्यावर पुढे चित्रपट निघाला. त्याआधी तीन वर्षे जे घडले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

प्रथम स्पर्धेविषयी थोडे. अमेरिकेतील विद्यापीठांची ही राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाली. पद्धत बाद फेरीची. एकदा हरला की संघ घरी. १९६३ साली तीत पंचवीस संघ होते. निरनिराळ्या विभागीय गटांच्या विजेत्यांना तीत आपोआप स्थान मिळे आणि काही स्वतंत्र संघांना निमंत्रण जाई. ज्या तरुण खेळाडूचा संघ गटात पहिला आला, त्याच्यासाठी हे निमंत्रण म्हणजे चार वर्षांच्या मेहनतीचे फळ असे.

स्टार्कव्हिल या गावी असलेल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संघाला हे फळ पुन्हा पुन्हा मिळाले आणि प्रत्येक वेळी ते त्याला परत करावे लागले. दक्षिणेकडील विद्यापीठांच्या साउथईस्टर्न गटात तो १९५९ साली पहिला आला. १९६१ साली पुन्हा पहिला. १९६२ साली केंटकीच्या बरोबरीने पहिला. तिन्ही वर्षी संघ स्पर्धेला गेला नाही आणि त्याची जागा केंटकीला मिळाली. १९५९ चा संघ तर त्या हंगामात एकच सामना हरला होता. त्यातला बेली हॉवेल पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मोठ्या कीर्तीला पोहोचला, पण महाविद्यालयीन जीवनात राष्ट्रीय स्पर्धेचे मैदान त्याला कधी पाहायला मिळाले नाही.

कारण एकच. त्या स्पर्धेत समोरच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असण्याचा संभव होता, आणि मिसिसिपीच्या सरकारी विद्यापीठांनी अशा संघाशी खेळायचे नाही असा दंडक होता. याचा उगम सापडतो तो १९५५ च्या डिसेंबरात. राज्यातील एक कनिष्ठ महाविद्यालय कॅलिफोर्नियात फुटबॉलचा सामना खेळले. प्रतिस्पर्धी संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्यावरून राज्याच्या विधिमंडळात ओरड झाली, अशा संस्थांचे अनुदान बंद करू अशा धमक्या निघाल्या. कायदा झाला नाही. विद्यापीठांच्या प्रमुखांनी आपसांत समजून घेतले आणि तेवढे पुरले. अनुदानाची दोरी ज्याच्या हाती असते त्याला कायदा करण्याची गरज फार वेळा पडत नाही, हे आपल्याकडील संस्थाचालकांनाही सांगायला नको.

१९६३ साली मिसिसिपी स्टेट पुन्हा गटविजेता ठरला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १९६० साली विद्यापीठाच्या अध्यक्षपदी डीन कोल्वर्ड हे नॉर्थ कॅरोलायनाहून आलेले कृषिशास्त्राचे प्राध्यापक बसले होते. दुसरी गोष्ट फार भयंकर होती. १९६२ च्या सप्टेंबरअखेर शेजारच्या ऑक्सफर्ड गावातील मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली, दोन माणसे मेली आणि केंद्र सरकारला लष्कर पाठवावे लागले. राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट हे या प्रवेशाच्या विरोधाचे मुख्य नेते होते. या घटनेला जेमतेम पाच महिने झाले असताना कोल्वर्ड यांच्या टेबलावर बास्केटबॉलचा प्रश्न आला.

मार्चच्या दोन तारखेला त्यांनी निवेदन काढले. सक्षम अधिकारस्थानाने अडवले नाही तर आपला संघ स्पर्धेला जाईल, असा त्याचा आशय होता. कागदपत्रांत वाढलेल्या माझ्यासारख्याला या शब्दरचनेचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. त्यात बंडाची भाषा नाही आणि परवानगीची याचनाही नाही. ज्याला अडवायचे असेल त्याने पुढे यावे, स्वतःचे नाव घालून लेखी अडवावे, एवढेच त्यात सुचवलेले आहे. न लिहिलेल्या नियमाला लिहायला लावण्याचा याहून सभ्य उपाय मला तरी माहीत नाही.

विरोध झालाच. गव्हर्नरांनी नापसंती जाहीर केली. जॅक्सनच्या एका वृत्तपत्राने तर लोयोला संघाच्या पाच खेळाडूंचे छायाचित्र छापले आणि ते कापून विश्वस्त मंडळाकडे पाठवा असे वाचकांना सुचवले, कारण त्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय होते. पण ९ मार्चला विश्वस्त मंडळ भरले आणि बहुमताने अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहिले. विद्यार्थीही बहुतांशी संघाच्या बाजूने होते.

मग प्रकरण न्यायालयात गेले. १३ मार्चला राज्याच्या एका विद्यमान आणि एका माजी सेनेटरने चॅन्सरी न्यायालयातून तूर्तातूर्त मनाईहुकूम मिळवला : संघाने राज्याबाहेर जाऊ नये. हुकूम निघाला खरा, पण तो बजावला जायला हवा होता. बजावणी चुकवण्यासाठी मागच्या दाराने निघून जाणारे पक्षकार मी तहसिलीतल्या दिवसांत पुष्कळ पाहिले. बेलिफ पुढच्या ओसरीवर आणि पक्षकार मागच्या परसातून शेतात. एका विद्यापीठाचा अध्यक्ष आणि त्याचा प्रशिक्षक हाच मार्ग धरताना दिसतात तेव्हा हसू येते आणि आदरही वाटतो. कोल्वर्ड अलाबामा राज्यात निघून गेले. प्रशिक्षक बेब मॅकार्थी रातोरात मोटारीने टेनेसीतील मेम्फिसला पोहोचले. त्या रात्री हुकूम घेऊन शेरीफचा माणूस विद्यापीठात आला तेव्हा ज्यांच्या हाती तो द्यायचा ते जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी राखीव खेळाडूंना आधी विमानतळावर पाठवण्यात आले. त्यांना कोणी अडवले तर मुख्य खेळाडू निसटावेत अशी योजना होती. कोणी अडवले नाही. मुख्य खेळाडूही आले, विमान उडाले, नॅशव्हिलला प्रशिक्षक येऊन मिळाले आणि सारे मिशिगनच्या वाटेला लागले. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मनाईहुकूम उठवला. म्हणजे हुकूम बजावला गेला नाही, म्हणून मोडलाही गेला नाही; आणि जे धाडस झाले ते काही तासांतच कायदेशीर ठरले.

ही पळापळीची कथा रंजक असल्यामुळे पुष्कळदा तेवढीच सांगितली जाते. मला त्यात एक अन्याय दिसतो. मिशिगनमध्ये ज्यांच्याशी खेळायचे होते त्यांना कोणत्याही राज्याने अडवले नव्हते, पण त्यांनी तो न लिहिलेला नियम हंगामभर अंगावर झेलला होता. लोयोला ही शिकागोतील जेझुइट पंथीयांची संस्था. प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड. कर्णधार जेरी हार्कनेस न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला, तेथील वाय. एम. सी. ए. च्या मैदानावर त्याला खेळताना पाहून बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी उत्तेजन दिले नसते तर आपण महाविद्यालयात गेलोच नसतो, असे तो सांगे. रॉन मिलरही न्यूयॉर्कचा. लेस हंटर आणि व्हिक रूस नॅशव्हिलच्या एकाच शाळेतून आलेले. पाचवा जॉन ईगन, शिकागोचा गोरा मुलगा. त्या काळी उत्तरेतील प्रशिक्षकांतही एक अलिखित हिशेब चाले : एका वेळी दोन, फार तर तीन कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात. म्हणजे मिसिसिपीतला नियम उघड होता आणि शिकागोतला झाकलेला, इतकाच फरक. आयर्लंड यांनी तो जुमानला नाही. त्या हंगामात एका सामन्यात तर त्यांचे पाचही खेळाडू एका वेळी कृष्णवर्णीय होते. दक्षिणेत सामन्यासाठी गेल्यावर या मुलांना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एका हॉटेलात राहता येत नसे. ह्यूस्टनला प्रेक्षकांनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या. मिसिसिपीशी सामना ठरल्यावर हार्कनेसच्या वसतिगृहातील खोलीवर धमकीची आणि शिव्यांची पत्रे येऊ लागली. त्याला चुकवण्यासाठी अलाबामा नव्हते आणि मेम्फिसही नव्हते.

सामना १५ मार्चला ईस्ट लान्सिंग येथे झाला. सुरुवातीला दोन्ही कर्णधारांनी, हार्कनेस आणि मिसिसिपीचा जो डॅन गोल्ड यांनी, मध्यभागी येऊन हस्तांदोलन केले आणि छायाचित्रकारांचे दिवे एकदम लखलखले. त्या लखलखाटातच आपल्याला कळले की हा नुसता सामना नाही, असे हार्कनेस यांनी पुढे अनेकदा सांगितले. खेळ स्वच्छ झाला. मिसिसिपीने पहिले सात गुण मिळवून लोयोलाला चकित केले, पण अखेर लोयोला ६१-५१ असा जिंकला. हरलेला संघ दुसऱ्या दिवशी सांत्वनाचा सामना जिंकून घरी परतला. मोठा गोंधळ होईल ही भीती खोटी ठरली; स्टार्कव्हिलला लोक त्यांच्या स्वागताला जमले होते.

लोयोलाचा प्रवास पुढे चालू राहिला. २३ मार्चला लुइव्हिल येथे अंतिम सामन्यात गाठ पडली ती सलग दोन वर्षांच्या विजेत्या सिनसिनाटीशी. सिनसिनाटीचेही तिघे मुख्य खेळाडू कृष्णवर्णीय, म्हणजे मैदानात उतरलेल्या दहांपैकी सात. त्या खेळात तेव्हा ठराविक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती; आघाडीवर असलेला संघ चेंडू आपसांत खेळवत वेळ काढू शके. सिनसिनाटीने पंधरा गुणांची आघाडी घेतली, ४५-३०, आणि तेच केले. लोयोलाचे नेम चुकत होते. सबंध सामन्यात ८४ पैकी २३ च जाळ्यात पडले. पण आयर्लंड यांनी एकही खेळाडू बदलला नाही, आणि दमलेल्या त्या पाचांनी एकेक गुण कमी करत आणला. शेवटचे काही सेकंद उरले असताना हार्कनेसने बरोबरी साधली, ५४-५४. जादा वेळ संपता संपता हंटरचा नेम चुकला. कड्यावरून परतलेला चेंडू रूसने हवेतच पकडून आत घातला. ६०-५८. पाच मुले पंचेचाळीस मिनिटे विश्रांतीविना खेळली होती. इलिनॉय राज्यातील दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या पुरुष संघाला हे विजेतेपद आजवर मिळालेले नाही.

या स्पर्धेने मिसिसिपी बदलले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तीनच महिन्यांनी, १२ जून १९६३ रोजी, मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याचा जॅक्सनमध्ये त्याच्या घराच्या दारात खून झाला. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला तो १९६५ च्या उन्हाळ्यात, आणि बास्केटबॉल संघात असे खेळाडू दिसायला आणखी काही वर्षे जावी लागली. पण ऑक्सफर्डसारखे रक्त त्या वेळी स्टार्कव्हिलला सांडले नाही, आणि १९६५ साली त्या विद्यार्थ्याला आत नेण्यासाठी लष्कराची गरज भासली नाही. यात १९६३ चा वाटा किती हे मोजता येणार नाही. काही वाटा असावा, इतके म्हणायला हरकत नाही. कोल्वर्ड १९६६ साली नॉर्थ कॅरोलायनात परतले आणि शार्लट येथील नव्या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. संघ पाठवण्याचा निर्णय त्यांच्या मुदतीतला सर्वांत अवघड निर्णय ठरला, आणि तो शेतीशी नव्हे तर चेंडूशी संबंधित होता, ही गंमतच.

लोयोलाच्या संघाला २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावले. तेव्हा रूस हयात नव्हते. गोल्डही नव्हते, त्यांचे २०११ साली निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीला हार्कनेस गेले होते. शवपेटीशेजारी एक छायाचित्र मांडलेले त्यांना दिसले : १५ मार्च १९६३, दोन कर्णधार, हातात हात.