पॅटच्या वडिलांनी घर हलवलं, म्हणून...

सकाळी धारा काढून, वैरण टाकून शाळा गाठणाऱ्या मुली आमच्या इस्लामपूरकडे नवीन नाहीत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९५२ साली जन्मलेली पॅट समिटही अशीच वाढली. गायी, तंबाखूचं शेत आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल. जवळच्या हायस्कूलमध्ये मुलींचा संघ नव्हता. मग वडिलांनी बिऱ्हाडच हलवलं, संघ असलेल्या शाळेजवळ.

१९७४ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, ती टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन तीच चालवायची, जर्सीही तीच धुवायची. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा कायदा १९७२ मध्येच झाला होता. पण पैसा मुलींच्या खेळापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली.

तोवर ती तिथेच टिकून राहिली. ३८ हंगाम, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. मला मात्र वेगळीच गोष्ट मोठी वाटते: तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, तरी पुढचा हंगाम तिने संघासोबत काढला. २०१६ मध्ये, ६४व्या वर्षी ती गेली.

आपल्याकडे मुलगी जिंकली की सगळे स्टेटस ठेवतात. पण सरावानंतर अंधार पडल्यावर तिला घरी कोण आणणार, एवढ्यावरून कितीजणींचा खेळ दहावीतच सुटतो. पॅटच्या वडिलांनी घर हलवलं होतं. आपल्याला फक्त गाडी काढायची आहे.