सुईचा हिशेब

एक हप्ता थकला की पुढे व्याज किती चढतं, हा हिशेब आम्ही गटात दर महिन्याला मांडतो. साथीच्या रोगांचाही असा हिशेब मांडतात.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी आहे. तिथल्या ऑस्टिन गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास. वेदना थांबवणाऱ्या अफूवर्गीय गोळ्यांचं तिथे व्यसन लागलं. गोळी विरघळवून लोक टोचून घेऊ लागले आणि एकच सुई अनेकांच्या हातात फिरली, कधी एकाच घरातल्या माणसांच्याही. आधी हेपटायटिस सी वाढला. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. उलट २०१३ मध्ये एचआयव्ही तपासणीचं केंद्र बंद झालं, आणि स्वच्छ सुया वाटायला तर कायद्यानंच मनाई! २०१५ मध्ये पावणेदोनशेहून जास्त लोकांना लागण झाल्याचं उघड झालं. मार्चमध्ये आणीबाणी जाहीर झाली, मग सुया मिळू लागल्या.

येल विद्यापीठाच्या ग्रेग गोन्साल्व्हिस आणि फॉरेस्ट क्रॉफर्ड यांनी २०१८ मध्ये हे गणित उलटं मागे नेऊन पाहिलं. हेच उपाय २०१३ च्या सुरुवातीला केले असते, तर लागण ५६ च्या वर गेली नसती. २०११ मध्ये केले असते, तर १० च्या वर नाही.

सुया दिल्या तर व्यसन वाढेल, ही भीती मात्र आकड्यांनी गेली नाही. २०२१ मध्ये काउंटीच्या मंडळानं सुयांचं केंद्र बंद करायचा ठराव केला, दोन विरुद्ध एक मतांनी.