गुप्त

गुप्त (विशेषण) : संस्कृत 'गुप्' म्हणजे राखणे, सांभाळणे. त्यामुळे मूळ अर्थ 'राखलेले'. 'लपवलेले' हा अर्थ मागून आला. गुपित, गोपनीय हे शब्द याच धातूचे. गुप्तहेर, गुप्तदान, गुप्त मतदान ही रूढ रूपे. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीवर रुजू होताना सही करतात तो गोपनीयता करार. बोलताना सगळे त्याला 'एनडीए'च म्हणतात.

गुप्तधन : जमिनीत पुरलेला, मालक माहीत नसलेला ठेवा. पायाळू माणसाला तो दिसतो, नाग त्याची राखण करतो, असे समज गावोगावी आहेत. या समजांनी माणसे मारली आहेत. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या हव्यासातून स्त्रिया आणि लहान मुलींचे खून झाले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे तो उगाच नाही.

खरा ठेवा सापडतो तो मंत्राने नव्हे, पाया खणताना. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत एका बांधकामाच्या खोदाईत मजुरांना सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी ती घरी ठेवली. जुलै २०२१मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जप्त केली तेव्हा २१६ मोहरा भरल्या. वजन २,३५७ ग्रॅम, काळ साधारण १७२० ते १७५०. सोबत धातूच्या भांड्याचा तुकडाही होता. नाणी वाचली हे चांगलेच झाले. पण ठेवा मातीत कसा, किती खोल, कशाशेजारी होता, ही माहिती उचलतानाच विस्कटते, आणि इतिहासाला तीच सोन्याहून मोलाची.

या बाबतीत १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ठेवा बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारला हवा असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन घेता येतो. लपवणाऱ्याचा मात्र वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शोधणाऱ्याचा हा वाटा मजुरांना कोणी सांगत नाही. हिंजवडी, माण, मारुंजी भागात रोज पाये खणणाऱ्या ठेकेदारांनी तो साइटवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.